जुनी मारुती पावसात मिसिंग का करते?

प्रश्न : कार्ब्युरेटरची मारुती ८०० पावसाळ्यात सकाळी झटके देत मिसिंग करते, ऊन पडले की सुरळीत चालते. दोष कुठे शोधावा? (एक वाचक, अधारताल, जबलपूर)

उत्तर : मारुती ८००चे ७९६ सीसीचे इंजिन तीन सिलिंडरचे असते, एक सिलिंडर बंद पडला तरी गाडी थरथरते. ओलाव्यात येणारा आणि सुकल्यावर जाणारा दोष बहुधा इग्निशनचा असतो. अशा वेळी आधी कार्ब्युरेटर खोलणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

प्रथम निकामी सिलिंडर ओळखावा. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढावी, तिचे टोक इंजिनच्या धातूला नीट टेकवून अडकवावे आणि इंजिन सुरू करावे. थरथर वाढली तर तो सिलिंडर चांगला. काहीच फरक पडला नाही तर दोष तिथेच. त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरशी बदलून पाहावा. दोष प्लगबरोबर सरकला नाही, तर वायर आणि डिस्ट्रिब्युटरची कॅप तपासावी. कॅपच्या आत दोन टोकांमध्ये केसाएवढी काळी रेघ दिसली, की ठिणगी प्लगकडे न जाता त्या रेघेवरून पळते. ती खरवडून जात नाही, कॅपच बदलावी. चिरलेल्या वायरीतून निसटणारी निळी ठिणगी रात्री बॉनेट उघडल्यावर स्पष्ट दिसते. वायरी परत लावताना १-३-२ हा क्रम पाळावा.

कोरड्या हवेतही मिसिंग राहिले आणि प्लग तेलकट निघाला, तर कॉम्प्रेशन मोजावे. सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकल्यावर दाब वाढला तर रिंगा झिजलेल्या. न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट तपासावे.