गारठलेले इंजिन आणि बंपरमधला प्लग

थंडीच्या दिवसांत खोबरेल तेल थिजले की आपण काय करतो? बाटली उन्हात ठेवतो, नाही तर गरम पाण्याच्या भांड्यात उभी करतो. कॅनडातील विनिपेग व सस्कातून किंवा अलास्कातील फेअरबँक्स येथील लोक हाच उपाय आपल्या गाडीच्या इंजिनावर करतात. फरक एवढाच, की त्यांचे गरम पाण्याचे भांडे इंजिनाच्या पोटातच असते आणि ते विजेवर तापते. म्हणूनच तिकडे अनेक गाड्यांच्या पुढच्या जाळीतून एक वायर बाहेर लोंबताना दिसते. गाडी विजेवर चालत असेल, असे नवख्या माणसाला वाटते. पण गाडी असते पेट्रोलची किंवा डिझेलची!

ही वायर कशासाठी असते आणि ती लोंबू न देता तिचा प्लग बंपरमध्ये नीट कसा बसवितात, ते आज पाहू या. त्यातच शाळेत शिकलेला ओहमचा नियम एका गंभीर प्रसंगी आपल्या उपयोगी पडणार आहे.

थंडीत इंजिन का रुसते?

या प्रदेशांत हिवाळ्यात तापमान उणे ३० अंश सेल्सियसपर्यंत उतरणे नवलाचे नाही. कॅनडातील युकॉन प्रदेशात स्नॅग येथे ३ फेब्रुवारी १९४७ रोजी उणे ६३ अंशांची नोंद झाली आहे. अशा थंडीत इंजिनावर एकाच वेळी तीन संकटे येतात.

पहिले संकट तेलाचे. तेल दाट झाल्याने त्याची विष्यंदिता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, खूप वाढते. दट्ट्या व दांडा फिरवायला जोर जास्त लागतो आणि सुरुवातीचे काही क्षण तेल सर्व भागांपर्यंत पोचतही नाही. दुसरे संकट बॅटरीचे. थंडीत तिच्यातील रासायनिक क्रिया मंदावतात. एकीकडे काम वाढलेले आणि दुसरीकडे कामकरी दुबळा झालेला! तिसरे संकट इंधनाचे. पेट्रोलची वाफ पुरेशी होत नाही. डिझेल इंजिनात तर ठिणगीच नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. पण भोवतालचे गारठलेले लोखंड ती उष्णता शोषून घेते.

विमानांच्या सुरुवातीच्या काळात उत्तरेकडील वैमानिक रात्री इंजिनातले तेल काढून घेत आणि सकाळी ते शेगडीवर गरम करून पुन्हा ओतीत. रोज सकाळी हा खटाटोप कोण करणार? अमेरिकेतील उत्तर डकोटा राज्यातल्या ग्रँड फोर्क्स गावच्या अँड्रयू फ्रीमन यांनी इंजिनाच्या एका बोल्टच्या जागी विजेने तापणारा पोकळ बोल्ट बसविण्याची युक्ती काढली. १९४९ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले.

ब्लॉकमधली शेगडी

इंजिनाचा लोखंडी ठोकळा, म्हणजे ब्लॉक, ओतीव असतो. ओतकामासाठी आत भरलेली वाळू काढून टाकता यावी म्हणून त्याला गोल भोके ठेवतात आणि नंतर ती धातूच्या झाकणांनी बंद करतात. यांतील एक झाकण काढून तेथे तापक, म्हणजे हीटर, बसविता येतो. त्याचे तापणारे टोक इंजिनाभोवती खेळणाऱ्या शीतक द्रवात बुडालेले राहते. हा द्रव म्हणजे पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण. समभाग मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. तापलेला द्रव हलका होऊन वर जातो, थंड द्रव खाली येतो. अशा रीतीने पंप बंद असतानाही अभिसरणाने उष्णता ब्लॉकभर पसरते. मात्र द्रव नसताना हीटर लावला, तर उष्णता वाहून न्यायला कोणी नसल्याने तो थोड्याच वेळात जळून जातो.

किती वेळ, किती वीज?

आता गणित करू. समजा, ब्लॉक १५० किलोग्रॅम लोखंडाचा आहे आणि द्रव १५ किलोग्रॅम आहे. लोखंडाची विशिष्ट उष्णता किलोग्रॅमला व अंशाला ०.४५ किलोज्यूल, तर मिश्रणाची सुमारे ३.३ किलोज्यूल. म्हणजे तापमान एक अंश वाढविण्यास लोखंडाला ६७.५ आणि द्रवाला ४९.५, एकूण ११७ किलोज्यूल उष्णता लागेल. उणे ३० पासून शून्यापर्यंत आणायला ३,५१० किलोज्यूल. हीटर ७५० वॅटचा असेल, तर तो सेकंदाला ०.७५ किलोज्यूल देतो. म्हणून वेळ ४,६८० सेकंद, म्हणजे ७८ मिनिटे.

प्रत्यक्षात थोडी उष्णता बाहेर जाते, म्हणून दोन ते तीन तास धरावे लागतात. मग रात्रभर चालू ठेवला तर? इंजिन जसे तापते तशी बाहेर जाणारी उष्णताही वाढते. दोन्ही समान झाल्या की तापमान वाढणे थांबते. दहा तासांत साडेसात युनिटे खर्च होतील, तीन तासांत सव्वादोनच. म्हणून तेथील लोक घड्याळाचा स्विच लावून हीटर पहाटे सुरू करतात.

पिना कोणीकडे, सॉकेट कोणीकडे?

जाळीतून लोंबणारी वायर बर्फात, चिखलात आणि रस्त्यावर टाकलेल्या मिठात घासते. पिना गंजतात, आवरण चिरते. यावर उपाय म्हणजे बंपरमध्ये बसणारी वाटीसारखी डबी. तिच्या तळाशी तीन पिना असतात आणि तोंडावर स्प्रिंगचे झाकण. घरातून आणलेल्या वायरीचे सॉकेट या वाटीत खुपसायचे.

विद्यार्थी मित्रांनो, येथे जरा थांबा. गाडीवर पिना आणि वायरीला सॉकेट, असे का? उलट केले तर चालेल का?

मुळीच नाही. वीज घराकडून येते. वायर घरात जोडलेली आणि गाडीपासून सुटलेली असेल, तेव्हा तिच्या मोकळ्या टोकाला वीज असतेच. त्या टोकाला उघड्या पिना असतील, तर बर्फात हात घालणाऱ्याच्या जिवावर बेतेल. नियम साधा आहे : जिकडून वीज येते तिकडे झाकलेले सॉकेट, जिकडे वीज जाते तिकडे पिना. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर आपल्याकडेही काही जण जनरेटरसाठी तयार करतात. ती कधीही करू नये व कोणी केलेली दिसली तर वापरू देऊ नये.

डबी बसविण्याची रीत

हे काम पिकअप गाडीवर कसे करतात ते क्रमाने पाहू. इंजिन थंड, गाडी बंद आणि घराची वायर दूर, ही पहिली अट.

१. जागा चालकाच्या बाजूची निवडतात. वायर सुटली नाही हे चढताना त्याला दिसले पाहिजे. नाही तर वायरीसकट गाडी निघते! जागेमागे दिवा, नळी किंवा तारांचा जुडगा नाही ना, हे आधी पाहतात.

२. मध्यबिंदूवर खूण ठोकून आधी बारीक भोक, मग ड्रिलला लावायच्या गोल करवतीने डबीच्या मापाचे भोक पाडतात. भोक मोठे झाले तर ते लहान करता येत नाही, म्हणून माप दोनदा घ्यावे. कडा कानशीने घासून तिला रंग देतात. उघड्या पोलादाला मीठ लवकर खाते.

३. रबरी चकती घालून डबी घट्ट करतात. झाकणाची बिजागरी वर ठेवतात, म्हणजे झाकण आपल्या वजनानेही मिटते.

४. आतली वायर धुराड्याचा नळ, पंखा आणि पट्टा यांपासून दूर नेऊन जागोजागी बांधतात. इंजिन रबरी आधारांवर हलत असते, म्हणून त्याच्याजवळ वायरीला थोडी ढील ठेवतात. डबीच्या मागे वायरीला खाली एक झोळ देतात. ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकते, जोडात शिरत नाही.

५. वायर हीटरच्या प्लगला जोडून जोड पाण्यापासून बंद करतात. अर्थिंगची तिसरी तार कधीही तोडत नाहीत.

अर्धा ओहम

कॅनडात घरची वीज १२० व्होल्टची. ७५० वॅटच्या हीटरमधून ७५० भागिले १२०, म्हणजे ६.२५ अँपिअर प्रवाह जातो. हीटरचा रोध १९.२ ओहम होतो. आता समजा, गंजामुळे एका पिनेशी अर्धा ओहम रोध निर्माण झाला. एकूण रोध १९.७ ओहम आणि प्रवाह सुमारे ६.१ अँपिअर. त्या पिनेशी निर्माण होणारी उष्णता प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे जवळजवळ १९ वॅट!

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची डाख देण्याची इस्तरी साधारण २५ वॅटची असते. तिच्याएवढी नसली तरी तिच्या जवळपासची उष्णता प्लॅस्टिकच्या प्लगमध्ये, नखाएवढ्या जागी, तासन्‌तास निर्माण होत राहते. प्लग वितळतो, कधी पेटतोही. घरातला १५ अँपिअरचा फ्यूज हे थांबवील काय? नाही. प्रवाह वाढलेलाच नाही. उलट किंचित कमी झाला आहे. फ्यूज प्रवाह मोजतो, पिनेचे तापमान नव्हे. म्हणूनच पिना कोरड्या, स्वच्छ आणि घट्ट ठेवणे ही केवळ नीटनेटकेपणाची बाब नसून सुरक्षिततेची आहे.

मीटरची साक्ष

डबी बसली, आता चाचणी. वीज न जोडता ओहम-मीटर लावतात. दोन चपट्या पिनांमध्ये सुमारे १९ ओहम आले, तर हीटर शाबूत आहे. कोणतीही चपटी पिन आणि ब्लॉक यांमध्ये संपर्क दिसता कामा नये. दिसला तर वीज गाडीच्या पत्र्यावर उतरेल. अर्थिंगची गोल पिन आणि ब्लॉक यांमध्ये मात्र रोध जवळजवळ शून्य हवा. तिन्ही उत्तरे बरोबर आली तरच वीज जोडायची : आधी गाडीकडचे टोक, मग घराकडचे. काढताना याच्या उलट.

करून पाहा

दोन सारख्या वाट्यांत काकवी घ्या. एक वाटी फ्रीजमध्ये दोन तास ठेवा, दुसरी बाहेर. सारख्या मापाच्या चमच्याने दोन्हींतील काकवी ओता आणि चमचा रिकामा व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा. मग थंड वाटी कोमट पाण्यात ठेवून पुन्हा मोजा. पहाटेच्या अंधारात फेअरबँक्सचा चालक आपल्या इंजिनासाठी नेमके हेच करीत असतो.

आता एक प्रश्न : तोच ७५० वॅटचा हीटर आपल्या २३० व्होल्टसाठी बनविला, तर प्रवाह किती लागेल? आणि पिनेशी तोच अर्धा ओहम आला, तर उष्णता किती होईल? गणित करून शिक्षकांना दाखवा. ती उष्णता सुमारे साडेतीनपट कमी का झाली, हे सांगता आले तर आजचा धडा तुम्हाला समजला.