जागेची पारख

चुकीच्या वाफ्यात लावलेली भाजी पुढील हंगामात हलविता येते. चुकीच्या ठिकाणी खणलेली विहीर हलविता येत नाही. यावरून जमिनीच्या अभ्यासाचा नियम निघतो : जे बदलणे सर्वांत कठीण, ते सर्वांत आधी पाहावे.

ऑस्ट्रेलियातील पी. ए. योमन्स यांनी १९५०-६० या दशकात हा क्रम मांडला : हवामान, भूमीचा आकार, पाणी, रस्ते, झाडे, इमारती, कुंपणे आणि अखेरीस माती. माती शेवटी, कारण ती खतपाल्याने सुधारता येते. १९७८ साली त्याच देशात बिल मॉलिसन व डेव्हिड होल्मग्रेन यांनी ‘पर्माकल्चर’ ही चिरस्थायी शेतीची पद्धती मांडली. तीत बाहेरून येणारे ऊन, वारा, पाणी व अग्नी यांच्या दिशा प्रथम नकाशावर आखतात.

१. नैसर्गिक प्रभाव

ऊन : २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्ही सूर्य पुण्यास क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो, दिल्लीस केवळ ३८ अंश. म्हणून १० मीटर उंच झाडाची सावली पुण्यास उत्तरेकडे सुमारे ९ मीटर पडते, तर दिल्लीस सुमारे १३ मीटर. हिवाळी भाजीचा वाफा या पट्ट्यात नसावा.

पाणी : एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी मिळते, ५०० मिलिमीटर पावसाचे ५० लक्ष लिटर होतात. त्यांतील किती मुरते व किती वाहून जाते, हे पाऊस पडत असताना शेतात हिंडूनच कळते. पाणी कोठून शिरते, कोठे वेग घेते व कोठे साचते, ते टिपावे.

वारा व अग्नी : पावसाळी, हिवाळी व उन्हाळी वाऱ्यांच्या दिशा वेगवेगळ्या नोंदवाव्यात. वाळलेले गवत वाऱ्याच्या बाजूस असेल, तर वणवाही तिकडूनच येईल.

२. मानवी प्रभाव

बांधापाशी जमीन संपते. प्रभाव संपत नाहीत. वरच्या शेतातील कीटकनाशक उतारावरून खाली येते. शेजारच्या खोल विंधनविहिरीमुळे आपल्या विहिरीचे पाणी उतरू शकते. अनेक गावांत सुगीनंतर गुरे मोकळी चरतात. ही वहिवाट न जाणता लावलेली रोपे पहिल्याच उन्हाळ्यात नष्ट होतात. तेथे केवळ कुंपण पुरत नाही. गुराख्यांशी बोलून चराईची वाट व वेळ ठरवावी लागते. पायवाटा, विजेच्या तारा, महसुली नकाशा आणि घरातील माणसांचे श्रमबळ हेही पाहावे. पुराची सर्वांत उंच खूण वृद्ध ग्रामस्थांस विचारावी.

३. स्वाध्याय

आपल्या शाळेच्या आवाराचा नकाशा काढा. त्यावर ऊन, वारा व पाणी यांच्या दिशा बाणांनी दाखवा. माणसांच्या व गुरांच्या वाटा निराळ्या रंगाने आखा. हीच पाहणी तिन्ही ऋतूंत करा. जेथे अनेक बाण एकत्र येतात, तेथे काहीही बांधण्यापूर्वी अथवा लावण्यापूर्वी पुनः विचार करा.