डाव्या सीटवर बसण्याआधी

बेटा,

तांबरमसाठी तुझं नाव आलं, हे तुझ्या बाबानं पवनीहून फोन करून सांगितलं. १९४८ साली अंबाल्याला सुरू झालेली आणि १९५४ पासून तांबरमला असलेली वायुसेनेची ती फ्लाइंग इन्स्ट्रक्टर्स स्कूल तुला पुस्तकातलं सगळं शिकवेल. मी फौजेतला, तू वायुसेनेतली, पण दोघांच्या हाताखालचं चेतक हेलिकॉप्टर तेच. म्हणून पुस्तकात नसलेलं, मला माझ्या उस्तादांनी सांगितलेलं आणि मी पुढे पोरांना शिकवताना पक्कं झालेलं थोडं लिहून देतो.

इतकी वर्षं तू उजव्या सीटवर बसलीस. आता प्रशिक्षक म्हणून डावीकडे बसशील आणि पहिले काही दिवस तुला स्वतःचंच उड्डाण परकं वाटेल. खिडकीतून क्षितिज वेगळ्या जागी दिसेल, उतरायची जागा डोळ्यांना तिरपी वाटेल. यात वाईट वाटून घेऊ नकोस, पण त्या सीटवरून तुझं स्वतःचं हॉवर, उतरणं, ऑटोरोटेशन बोलता बोलता जमेपर्यंत समाधान मानू नकोस. बोलता बोलता म्हणजे खरंच तोंडानं सांगत. हातानं करणं वेगळं, आणि हात काय करताहेत ते त्याच क्षणी शब्दांत मांडणं वेगळं. रात्री खोलीत खुर्चीवर बसून, डोळे मिटून, मोठ्यानं बोलत सर्किट मार. शेजारचे हसतील, हसू दे.

विद्यार्थ्याला तू जे पहिल्यांदा दाखवशील तेच त्याच्या अंगात बसतं. नंतर दहादा दुरुस्त केलंस तरी घाबरल्यावर तो पहिल्यांदा पाहिलेल्याकडेच धावतो. म्हणून पहिलं प्रात्यक्षिक घाईत नको, वारा भलताच असताना नको, आणि तू थकलेली असताना तर नकोच.

आता हॉवर, म्हणजे हवेत एका जागी थांबणं. नव्या पोराला झुकवणारी काठी, वर-खाली नेणारी लिव्हर, नाक वळवणारं पेडल ही तिन्ही एकदम देऊ नकोस. आधी फक्त पेडल दे आणि सांग, नाक त्या झाडावर धरून ठेव. ते जमलं की लिव्हर. काठी शेवटी. तिन्ही एकत्र आली की हेलिकॉप्टर झुलायला लागेल, कारण तो झोका दिसल्यावर काठी हलवतो आणि तोवर झोका उलट फिरलेला असतो. त्याला म्हण, समोरची जमीन बघू नको, लांब बघ. मनगट मांडीवर टेकव. मूठ आवळू नको, दोन बोटं आणि अंगठा पुरे. बुटात पायाची बोटं हलवून दाखव. बोटं हलली की पाय सैल होतात आणि पाय सैल झाले की नाक थांबतं. मधेच एखादा साधा प्रश्न विचार, आज जेवायला काय होतं म्हणून. उत्तर आलं नाही तर समज, डोकं भरलंय. तेव्हा तू गप्प बस, हेलिकॉप्टर हातात घे, एक चक्कर मारून आण, मग पुन्हा दे.

यातच सगळ्यात मोठा धोका आहे आणि तो चांगल्या वैमानिकालाच असतो. पोरगं चुकतंय हे तुला त्याच्या आधी कळतं आणि तुझे हात आपोआप काठीला किंचित रेटा देतात. हेलिकॉप्टर स्थिर होतं. त्याला वाटतं आपल्याला जमलं, तुलाही वाटतं जमलं. दोघंही फसता. चोरून केलेली मदत विद्यार्थ्याचं जेवढं नुकसान करते तेवढं रागावणंही करत नाही. हात जवळ ठेव, अगदी जवळ, पण टेकवू नकोस. चूक वाढू दे. ती कुठवर वाढू द्यायची याची रेघ मात्र त्याच्या हुशारीवरून ठरवायची नाही, तुझ्या स्वतःच्या हातावरून ठरवायची: एवढं बिघडल्यावर मी नक्की सावरू शकते, त्याच्या थोडं अलीकडे. ती रेघ रोज सारखी नसते. झोप झाली नसेल, वारा उलटा असेल, तर रेघ अलीकडे आण.

आणि घ्यायचंच झालं तर मोठ्यानं घे. "आय हॅव कंट्रोल." तो "यू हॅव कंट्रोल" म्हणेल, तू पुन्हा म्हणायचं. तीनदा बोलणं बावळट वाटतं, पण दोघंही उडवताहेत किंवा कुणीच उडवत नाही, या दोन्ही गोष्टी जमिनीजवळ सारख्याच वाईट.

ऑटोरोटेशनबद्दल, म्हणजे इंजिनाशिवाय उतरण्याबद्दल, तुला काय सांगायचं, तू ते किती केलंस. पण शिकवताना एक बघ. इंजिन गेल्यासारखं झालं की माणसाचा जीव वर राहायला बघतो आणि हात लिव्हर वर खेचतो. नेमकं तेच घातक, कारण पाती तिथंच मंदावतात. म्हणून तुझी डावी मूठ लिव्हरवर अशी ठेव की घाबरून त्यानं वर ओढली तरी ती वर येणार नाही. पोरं भेदरतात तेव्हा त्यांना ज्याँ बुले याची गोष्ट सांग. २१ जून १९७२ ला तो लामा हेलिकॉप्टर १२,४४२ मीटरवर घेऊन गेला, तोच लामा ज्याला आपण चीता म्हणतो. वर शक्ती कमी करताच इंजिन विझलं. बुले तिथून जमिनीपर्यंत इंजिनाशिवाय उतरला आणि उंचीचा विक्रमही नोंदवला. लिव्हर खाली आणि पात्यांचा वेग हिरव्या पट्ट्यात, एवढं सांभाळलं तर यंत्र दगडासारखं पडत नाही, हे पोरांच्या मनात आधी बसलं पाहिजे. भीती गेल्याशिवाय हात शिकत नाहीत.

रॉबिन्सन आर-२२ सारख्या हलक्या पात्यांच्या यंत्रावर तर सांगितल्याशिवाय थ्रॉटल कापायचंच नाही. तिथं विचार करायला एक-दोन सेकंदही मिळत नाहीत. अमेरिकेत अपघात वाढले म्हणून १९९५ मध्ये खास नियम करावा लागला, आर-२२ वर शिकवणाऱ्याला हेलिकॉप्टरचे किमान २०० तास आणि त्यातले ५० त्याच यंत्रावरचे हवेत. आपल्या चेतकवरून तिकडे कुणी गेलं तर पायांची सवयही उलटी करावी लागते. चेतकचं रोटर वरून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेनं फिरतं, लिव्हर उचलली की नाक डावीकडे जातं आणि उजवं पेडल लागतं. रॉबिन्सनला डावं. अमेरिकेतली बरीच मुलं फक्त स्वतःचे तास भरायला शिकवू लागतात. ज्याला विद्यार्थ्यापेक्षा लॉगबुक प्यारं, त्यानं डाव्या सीटवर बसू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडचं हवामान पोरांना शिकवायला फार चांगलं, त्याचा उपयोग कर. भंडारा समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास. पण मे महिन्यात ४५ अंशांच्या दुपारी इथली हवा इतकी विरळ होते की हेलिकॉप्टरला साडेचार हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं, म्हणजे चिखलदऱ्याहून उंच. पोरांकडून हे गणित कागदावर करून घे, मग त्याच वजनानं हॉवरला किती शक्ती लागली ते दाखव. एकदा डोळ्यांनी पाहिलं की जन्मभर विसरत नाहीत. आणि तारा! तिरोड्याच्या आणि मौद्याच्या वीज केंद्रांतून निघालेल्या तारा धानाच्या बांध्यांवरून जातात, वरून त्या दिसत नाहीत. दिसतात ते मनोरे. म्हणून तार शोधायची नाही, मनोरा शोधायचा आणि ओलांडायचं ते मनोऱ्याच्या डोक्यावरून. उद्या तुझाच एखादा विद्यार्थी गडचिरोलीच्या जंगलातून जखमी जवान उचलून नागपूरला आणत असेल, तेव्हा त्याला हे आठवायला हवं.

आता अवघड भाग. प्रत्येकाला हेलिकॉप्टर जमत नाही. मुलगा मेहनती असतो, घरची परिस्थिती तुला माहीत असते, त्याच्या आईचा फोटो तू पाहिलेला असतेस. तरी त्याच्या प्रगतिपुस्तकात खरं तेच लिही. "ठीक आहे, सुधारेल" असं लिहून पुढे ढकललेला मुलगा पुढच्या प्रशिक्षकाच्या गळ्यात पडतो आणि कधी तरी एकटा, रात्री, पावसात सापडतो. पण बोलताना चारचौघांत बोलू नकोस. खोलीत बसव, आधी त्यालाच विचार, तुला काय दिसलं? बहुतेक वेळा तो तुझ्यापेक्षा कडक बोलतो. मग तुझं काम फक्त एक चूक निवडण्याचं राहतं. एका उड्डाणाला एकच चूक घरी न्यायला दे.

बाई म्हणून तुला कुणी काही म्हणेल का, हे तुझ्या आईनं विचारलं. म्हणतीलही. शालिझा धामी हेलिकॉप्टरवरच वाढल्या, वायुसेनेतल्या पहिल्या महिला फ्लाइंग इन्स्ट्रक्टर झाल्या, २०१९ मध्ये फ्लाइट कमांडर झाल्या, २०२३ मध्ये आघाडीच्या युनिटचं नेतृत्व त्यांच्याकडे आलं. आमच्या फौजेच्या नाशिकच्या वैमानिक शाळेतून २५ मे २०२२ ला अभिलाषा बराक फौजेच्या पहिल्या महिला लढाऊ हेलिकॉप्टर वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. वाट झालेली आहे. तू फक्त चांगलं शिकव.

लाखनीची दोन पोट्टी परवा घरी आली होती, आम्हालाही हेलिकॉप्टर शिकवायचंय म्हणत. त्यांना मी सांगितलं: बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घ्या, आणि कुठल्याही शाळेत पैसे भरण्याआधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. घर गहाण टाकून नंतर डोळ्यांत दोष निघाला तर कुणाला सांगाल? व्यावसायिक हेलिकॉप्टर परवान्याला १५० तासांचं उड्डाण लागतं, डीजीसीएच्या पेपरांना ७० टक्के गुण लागतात, आणि प्रशिक्षकाचं रेटिंग त्यानंतरची गोष्ट. गोंदियाजवळ बिरसीला शाळा आहे खरी, पण ती विमानांची. सुट्टीत आलीस की त्यांच्याशी एकदा बोल, माझं ऐकण्यापेक्षा तुझं जास्त ऐकतील.

आणि शेवटी पहिलं सोलो. मुलाला एकट्याला पाठवायच्या दिवशी त्याला आधी सांगू नकोस, रात्रभर झोपणार नाही. चांगली तीन उतरणी झाली की खाली बसव आणि उतर. उतरण्यापूर्वी तुझ्या सीटचे पट्टे आवळून बांध, सुटा पट्टा तुझ्या बाजूच्या काठीत अडकला तर त्याला सोडवता येणार नाही. त्याला सांग, मी नसल्यानं डावी बाजू हलकी असेल, ती आधी उचलेल, काठी थोडी डावीकडे लागेल. वजन कमी झाल्यानं हेलिकॉप्टर लवकर उठेल, लिव्हर हळू. मग वाकून, समोरून, त्याला दिसशील अशी चालत जा, शेपटीकडे चुकूनही नको. तो वर असेपर्यंत रेडिओवर गरज नसताना एक शब्द बोलू नकोस. आणि उतरला की लगेच मिठी मारायला धावू नकोस. पाती थांबेपर्यंत तपासयादी त्याची त्यालाच पूर्ण करू दे.

तुझे,
काकाजी
भंडारा