दुरुस्त केलेल्या इंजिनास आधी डिझेल पोचवावे, मग चालवावे

इंजिन उघडून नव्या रिंगा व बेअरिंगे बसविली आणि ते शेतावर परत आणले म्हणजे काम संपले, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः पहिल्या पाच मिनिटांतच त्याच्या पुढील आयुष्याचा बराचसा निकाल लागतो. विठ्ठलवाडीभोवती आता शेते थोडी व इमारती फार. तथापि कल्याण तालुक्यात उल्हास, काळू व भातसा यांच्या काठी उन्हाळी भाजीपाला करणारे शेतकरी अद्याप आहेत. ऐन चैत्रात पंप बंद राहिला तर भेंडी-काकडी कोणाची वाट पाहत नाही. म्हणून इंजिन सुरू करण्याची योग्य रीत येथे क्रमवार देत आहो.

प्रथम कारण समजून घ्यावे. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्ग येथे यशस्वी ठरले. त्यात दाबलेल्या हवेच्या जोराने तेल सिलिंडरात उडवीत असत. पुढे ते काम केवळ पंपाकडे आले; १९२७ पासून बॉश कंपनीचे असे पंप मोठ्या प्रमाणावर निघू लागले. १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी खडकीस स्थापन झाली. तिच्यासारख्या कारखान्यांची जी इंजिने आपल्या विहिरींवर व नदीकाठी आली, त्यांचे तत्त्वही हेच. म्हणजे आरंभी जी हवा सेवक होती तीच आता शत्रू झाली आहे.

नॉझल उघडण्यास दर चौरस सेंटिमीटरास सुमारे २०० किलो दाब लागतो. डिझेल जवळजवळ दबत नाही, म्हणून पंपाचा धक्का थेट नॉझलास पोचतो. नळीत हवा असेल तर ती धक्क्यासरशी दबते व पुन्हा फुगते. नॉझल मिटलेलेच राहते. इंजिन उघडले असता सर्व नळ्या रिकाम्या होतात. अशा वेळी हँडल कितीही फिरविले तरी हात दुखतात, बॅटरी बसते आणि नवी बेअरिंगे कोरडी घासली जातात.

आता कृती सांगतो.

१. डिझेल बंद ठेवून चेंबरात खुणेपर्यंत नवे ऑइल घालावे. कॉम्प्रेशन सोडण्याचा खटका उचलून इंजिन हाताने पुष्कळ फेरे फिरवावे, म्हणजे बेअरिंगांस ऑइल पोचेल. थंडाव्याचे पाणीही आधीच पाहावे.

२. टाकी धुऊन, गाळलेले डिझेल भरून कॉक उघडावा. फिल्टरावरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा. आधी फेस येईल. बुडबुडे थांबून अखंड धार आली की स्क्रू आवळावा. टाकी खाली असलेल्या ट्रॅक्टरास हातपंपाची कळ दाबावी लागते.

३. हेच इंजेक्शन पंपाच्या स्क्रूवर करावे.

४. शेवटी नॉझलाकडील नळीचा नट थोडा सैल करून, ॲक्सिलरेटर पुढे ठेवून इंजिन हाताने फिरवावे. निव्वळ डिझेल उसळू लागले की नट घट्ट करावा.

हा क्रम उलटू नये. तलाठ्याने नोंद घेतल्यावाचून सर्कलसाहेबांस ती मंजूर करता येत नाही; तद्वत् टाकीकडील हवा काढल्यावाचून नॉझलाकडील काढण्यात अर्थ नाही.

नंतर सुरू करावे. फिरविताना पांढरा धूर दिसला तर डिझेल आत पोचते आहे असे समजावे; धूर मुळीच नसेल तर हवा पुन्हा शोधावी. विजेचा स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक लावू नये व मध्ये मिनिटभर विसावा द्यावा. पंप जोडताना चूक राहिली असल्यास इंजिन एकाएकी बेफाम धावते. म्हणून बंद करण्याची कळ एकाने हाती धरूनच उभे राहावे. चालू नॉझलापुढे बोट कदापि नेऊ नये. ती फवार कातडी भेदून आत शिरते व तेव्हा तत्काळ इस्पितळ गाठावे लागते. बिडी-काडी दूर ठेवावी.

मोटारगाडी असलेल्यांस एक इशारा. हल्लीच्या कॉमन रेल डिझेल गाड्यांत दाब दर चौरस सेंटिमीटरास हजार किलोंच्याही वर जातो. त्यांच्या जाड नळ्या सैल करू नयेत. फिल्टरावर हातपंप असल्यास तो कडक होईपर्यंत दाबावा. विजेचा पंप असल्यास, पेट्रोल गाडीतही, किल्ली स्टार्टरापर्यंत न नेता तीन-चार वेळा चालू-बंद करावी, म्हणजे नळ्या भरतात. मग सर्व सांधे गळतात की काय हे पाहूनच स्टार्टर लावावा. पेट्रोलची गळती डिझेलहून अधिक घातक होय.

टाकी पूर्ण रिकामी होऊन इंजिन थांबले तरी हीच रीत लागू पडते. सबब स्क्रूस बसणारा पाना व स्वच्छ फडके इंजिनापाशी नेहमी ठेवावे. अर्धा तास या कामी दिला तर दुरुस्तीचा पैसा वाया जात नाही आणि पाणी वेळेवर पिकास मिळते.