फाशांची कुस्ती

कुस्तीचा निकाल फासे टाकून लावायचा असेल, तर नियम कसा असावा? प्रश्न विचित्र वाटेल. पण आमच्या महाविद्यालयातील दोन विद्यार्थी हाच वाद घेऊन माझ्याकडे आले, आणि वाद दिसतो तितका पोरकट नव्हता.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेका पात्राची भूमिका घ्यायची. एकजण सूत्रधार होऊन कथा पुढे नेतो. पात्राचा बेत साधला की फसला, हे वीस पृष्ठांचा फासा ठरवतो. ही वीसही पृष्ठे सारखेच समभुज त्रिकोण असल्यामुळे प्रत्येक अंकाची संभाव्यता १/२० धरता येते.

२०१४ च्या नियमावलीप्रमाणे पकडीच्या वेळी दोघेही फासा टाकतात आणि आपापल्या अंकात ताकदीचे किंवा चपळाईचे गुण मिळवतात. ज्याची बेरीज मोठी तो जिंकला. बरोबरी झाल्यास स्थिती होती तशीच राहते.

पत्त्यांच्या डावासारखे याही खेळात घरोघरी नियम बदलतात. दोघांपैकी सूत्रधार असलेल्याने असा नियम केला: जो हालचाल करतो त्यानेच फासा टाकावा, समोरच्याचा अंक १० धरावा. “सर, सरासरी जवळपास तेवढीच येते. वेळ मात्र वाचतो.” सरासरी १०.५ येते, हे खरे. दुसऱ्याचे पात्र अंगाने किरकोळ होते. आपल्यावर अन्याय होतो आहे असे त्याला वाटे, पण तो कोठे होतो हे दाखवता येईना.

आलेखाच्या कागदावर २० × २० चौकटी आखा. आडवा अंक धरणाऱ्याचा, उभा अंक प्रतिस्पर्ध्याचा. एकूण ४०० चौकटी, सर्व समसंभाव्य. दोघांचे गुण सारखे असतील तर २० चौकटींत बरोबरी होते आणि उरलेल्या ३८० दोघांत निम्म्या वाटल्या जातात. धरणारा १९० वेळा, म्हणजे ४७.५ टक्के, यशस्वी होतो. घरच्या नियमाने त्याला ११ किंवा अधिक हवेत: ५० टक्के. फरक किरकोळ आहे, येथवर सूत्रधाराचे म्हणणे पटते.

आता धरणाऱ्याला १० गुण अधिक द्या. प्रतिस्पर्ध्याचा अंक त्याच्यापेक्षा १० किंवा अधिकने मोठा असेल, तरच पकड चुकते. अशा चौकटी १० + ९ + ८ + … + १ = ५५. म्हणजे पकड ३४५ वेळा बसते, ८६.२५ टक्के. घरच्या नियमाने? १ पडला तरी बेरीज ११. पकड शंभर टक्के बसणारच!

सुटकेचे पाहा. बरोबरीच्या १० चौकटी आता धरणाऱ्याच्या बाजूला जातात. दुबळ्याला उरतात ४५, म्हणजे ११.२५ टक्के. ही थोडी वाटते, पण तीन वेळा धडपडल्यावरही अडकून राहण्याची संभाव्यता ०.८८७५ चा घन, सुमारे ०.७० आहे. दहांपैकी तीन वेळा तो निसटतो. घरच्या नियमाने त्याला २० पेक्षा मोठा अंक हवा, आणि तो फाशावर नाहीच. दिवसभर धडपडला तरी सुटका नाही.

सरासरी तीच ठेवली, पण एका फाशाचा विखुरलेपणा काढून टाकला. दुबळ्याची सारी आशा त्या विखुरलेपणातच होती.

म्हणजे एकच फासा वापरणे मुळातच चूक आहे काय? तसेही नाही. २०२४ च्या नियमावलीतही पकडीसाठी एकच फासा आहे, पण तो धरला जाणारा टाकतो, आणि त्याला गाठायची संख्या ८ अधिक धरणाऱ्याचे गुण अशी असते. १० गुणांच्या बलवानाविरुद्ध बिनगुणाच्या पात्राला १८ लागतात: १८, १९, २०. म्हणजे १५ टक्के. सूत्रधाराने १० ऐवजी ८ धरले असते, तर माझ्याकडे कोणी आलेच नसते!

धरणाऱ्याला ३ गुण अधिक असताना दोन्ही नियमांनी पकडीची संभाव्यता किती, हे चौकटी मोजून काढा. (उत्तर: २४७/४०० आणि १३/२०.)