वरचं बीपी सांभाळ, मग वाद घाल

स्ट्रोकची केस मेंदूतली गुठळी काढायला कॅथलॅबला निघाली की मला फोन करून ‘मॅडम, पूर्ण भूल की नुसती गुंगी?’ असं विचारू नकोस. आधी पेशंट बघ. उलट्या होतायत, शुद्ध हरपत चाललीय, गुठळी मागच्या बेसिलर धमनीत आहे, तर सरळ पूर्ण भूल देऊन श्वासनळीत नळी टाक. बाकीच्यांत दोन्ही चालतं. पूर्वी पूर्ण भुलीचं नाव फार खराब होतं, पण तेव्हा जास्त अत्यवस्थ पेशंटच तिच्या वाट्याला यायचे आणि भुलीत बीपी कोसळायचं. हायडेलबर्ग, गोथेनबर्ग आणि आरहूसच्या चाचण्या २०१६ ते २०१८ मध्ये आल्या, त्यात बीपी सांभाळून दिलेल्या भुलीने पेशंटचं वाईट झालं नाही.

म्हणून मी भांडते ती बीपीवरून. वरचं १४० ते १८० मध्ये हवं. गुठळीपलीकडचा मेंदू शेजारच्या बारीक वाहिन्यांवर कसाबसा तगलेला असतो, दाब पडला की तोही जातो. प्रोपोफॉल हातात घेण्याआधी नॉरअॅड्रेनालिन भरून, जोडून ठेव. आर्टेरियल लाइनसाठी मनगट टोचत बसू नकोस, बीपीचा पट्टा दर तीन मिनिटांनी फुगव. नळी टाकल्यावर बॅग भराभर दाबायची सवय मोड. कार्बन डायऑक्साइड उतरला की मेंदूच्या वाहिन्या आकसतात.

गुंगीवर करणार असशील तर एक बघ. डाव्या मेंदूचा झटका असलेल्याला ‘हलू नका’ हे कित्येकदा कळतच नाही. तो आडमुठेपणा करत नाही गं, त्याला हाताने दाखव. औषध थेंबाथेंबाने दे. जास्त झालं की घोरतो, श्वास अडतो, मग आणखी हलतो. धमनीत तार, डोक्यावर यंत्र, अशात नळी टाकायची वेळ शत्रूवरही येऊ नये. तरी सगळं सामान उघडून ठेव.

नातेवाइकांना दारातच विचार: शेवटचं धड कधी पाहिलं, कधी जेवले, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, कवळी आहे का. कवळीचं हटकून राहतं.

गुठळी निघाली की मोठ्याने सांगायचं, हे तार घालणाऱ्या डॉक्टरांशी आधीच ठरव. त्यानंतर वरचं बीपी १८० ओलांडू देऊ नकोस, पण हौसेने १२० च्या खालीही आणू नकोस. आणि जमत असेल तर टेबलावरच नळी काढ, न्यूरोलॉजिस्ट हातपाय बघायला थांबलेले असतात.