गोंडा, गोधडी, कंदील : घरच्या सामानातून तीन हातकामं

परभणी-जिंतूर रस्त्यावरचं बोरी हे कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या शिवारातलं गाव. इथल्या वर्षाला सणांची ठरलेली चाल आहे. श्रावणी अमावस्येला पोळा, मग गणपती-महालक्ष्म्या, मग दिवाळी आणि थंडी. या प्रत्येक वेळेला लागणारी एखादी वस्तू पूर्वी घरातच व्हायची. पोळ्याचे गोंडे ओसरीवर वळले जायचे, जुन्या लुगड्याची गोधडी दुपारच्या वेळी शिवली जायची आणि पोरं खळ शिजवून कंदील चिकटवायची. आज हे सगळं बाजारात तयार मिळतं, पण त्यात बरंच प्लास्टिक असतं आणि ते एका हंगामापुरतंच टिकतं.

घरी करायला अवघड असं यात काही नाही. गुंडाळणं, टाका घालणं आणि घडी करून कापणं, एवढ्या तीन गोष्टी हाताला आल्या की लोकर, कापड आणि कागद तिन्ही ताब्यात येतात. म्हणून खाली तीनच वस्तू दिल्या आहेत, प्रत्येक गोष्टीसाठी एक. काम बिघडतं ते बहुतेक वेळा माप न घेतल्यामुळे आणि कापड किंवा रंग आधी न तपासल्यामुळे. तेव्हा तयारीचा भाग वगळू नका.

१. पोळ्याचा लोकरी गोंडा

एका बैलजोडीसाठी शिंगांचे चार आणि गळ्याचे दोन, असे सहा गोंडे धरू.

सामान : दोन-तीन ठळक रंगांची लोकर, १० सेंमी रुंदीचा जाड पुठ्ठा, कात्री, मोठ्या नेढ्याची सुई.

लोकर किती लागेल? पुठ्ठ्याभोवतीच्या एका वेढ्याला २० सेंमी लागते. ७० वेढ्यांचा गोंडा भरगच्च होतो, म्हणजे एका गोंड्याला १४ मीटर आणि सहांना ८४ मीटर. गळ्याच्या दोन दोऱ्या आणि बांधणी धरून १३५ मीटर लोकर हाताशी ठेवा.

आधी रंग तपासा. पोळा ऐन पावसाळ्यात येतो. कच्च्या रंगाचं सूत भिजलं की पांढऱ्या बैलाच्या मानेवर लाल ओघळ उतरतात. वीतभर धागा पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडात दाबा. डाग पडला तर तो रंग घेऊ नका. अॅक्रिलिक लोकरीचा रंग सहसा पक्का असतो.

कृती :

१. पुठ्ठ्याभोवती ७० वेढे घ्या. वेढे सैलसर हवेत, ताणून गुंडाळले तर कापल्यावर धागे आखडतात आणि गोंडा आखूड होतो.

२. ४० सेंमीचा दुहेरी धागा सुईत ओवून वरच्या कडेला सगळ्या वेढ्यांखालून काढा आणि करकचून दुहेरी गाठ मारा. याची टोकं कापू नका, गोंडा याच धाग्याने शिंगाला बांधायचा आहे.

३. खालच्या कडेला कात्री घालून वेढे कापा आणि पुठ्ठा काढून घ्या.

४. वरच्या गाठीपासून २ सेंमी खाली दुसऱ्या रंगाच्या धाग्याचे ८-१० घट्ट वेढे घ्या. ही गोंड्याची मान. धाग्याचं टोक सुईने मानेच्या आत ओढून घ्या, बाहेर दिसू देऊ नका.

५. गोंडा हातात धरून झटका, धागे बोटांनी मोकळे करा आणि खालची कड एका रेषेत छाटा.

गळ्याची दोरी तिपेडी वेणीची करा. आधी सुती दोरीने बैलाचा गळा मापा आणि त्यात चार बोटं मोकळी सोडा. वेणी घातली की लांबी घटते, म्हणून धागे मापाच्या दीडपट कापा. ८० सेंमीची दोरी हवी असेल तर १२० सेंमीचे १८ धागे घ्या, सहा-सहाचे तीन पेड करा आणि वेणी घाला. गोंडा मधोमध येईल असा बांधा.

बांधताना जनावराचा विचार आधी करा. शिंगं रंगवली असतील तर रंग पूर्ण वाळू द्या, ओल्या रंगाला लोकर चिकटते. गोंडा डोळ्यावर लोंबता कामा नये, नाहीतर बैल मान झटकत राहतो आणि बुजतो. मिरवणूक संपली की त्याच संध्याकाळी सगळे गोंडे काढून घ्या. रात्री दावणीला बैल एकमेकांचे गोंडे चघळतात, आणि लोकरीचा पुंजका पोटात गेला तर तो पचत नाही. काढलेले गोंडे झटकून, वाळवून कडुनिंबाच्या वाळल्या पाल्यात ठेवले तर पुढच्या पोळ्यालाही चालतात.

२. जुन्या लुगड्याची बाळाची गोधडी

पहिली गोधडी मोठी करायला जाऊ नका. बाळाच्या अंथरुणाची ९० × ७५ सेंमीची करा. नऊवारी लुगडं सुमारे ८ मीटर असतं, त्यात या मापाचे दहा थर बसतात. विरलेला भाग सोडला तरी तीन-तीन थरांच्या दोन गोधड्या आरामात निघतात.

सामान : जुनं सुती लुगडं किंवा धोतर, पक्क्या रंगाचा जाड सुती दोरा, लांब सुई, कात्री, टेप, खडू.

कापड कोणतं घ्यायचं, हीच यातली मुख्य गोष्ट. बाळाच्या अंगाखाली सुतीच हवं, कारण ते घाम आणि ओल शोषतं. कापड सुती आहे का ही शंका असेल तर कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारख्या वासाने जळतो आणि मऊ राख राहते. पॉलिस्टर आक्रसतं आणि थंड झाल्यावर काळा टणक मणी उरतो. असं कापड पिशवीला ठेवा, गोधडीला नको.

मग कापड गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. आटायचं ते आताच आटू द्या. न आटलेलं कापड शिवलं तर पहिल्याच धुण्यात गोधडीला वळ्या पडतात. वाळलं की उजेडासमोर धरा. जिथून आरपार दिसतं तो भाग मधल्या थराला, आणि घट्ट विणीचा भाग वरच्या-खालच्या थराला घ्या.

कृती :

१. काठ उसवून किंवा कापून बाजूला ठेवा, पुढे लागेल. ९० × ७५ सेंमीचे तीन तुकडे कापा.

२. झाडलेल्या फरशीवर सतरंजी न घालता खालचा थर पसरा, चारही कोपऱ्यांवर तांबे किंवा वाट्या ठेवा. त्यावर दुसरा आणि तिसरा थर अंथरा. प्रत्येक थर मधून कडेकडे तळहाताने सपाट करा.

३. कच्चा दोरा घाला. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, एकेक वीत अंतरावर, लांब टाक्यांच्या उभ्या-आडव्या रेघा घाला. कंटाळून ही पायरी गाळली तर थर सरकतात आणि शेवटी एका बाजूला कापड उरतं.

४. आता कड. काठाची किंवा दुसऱ्या रंगाची ८ सेंमी रुंद पट्टी घ्या. दोन्ही बाजू १-१ सेंमी आत दुमडा, मग मधोमध घडी घाला. ही ३ सेंमीची कड तिन्ही थरांवर दोन्हीकडून बसवून शिवा. चारही बाजू मिळून ३३० सेंमी होतात, कोपऱ्यांच्या घड्या धरून साडेतीन मीटर पट्टी लागेल.

५. कडेच्या आतून धावदोरा सुरू करा. दोरा हातभराहून लांब घेऊ नका, लांब दोरा गुंततो आणि नेढ्यापाशी झिजतो. सुरुवातीची गाठ थरांच्या मध्ये लपवा. टाका गव्हाच्या दाण्याएवढा, आणि दोन टाक्यांमधलं अंतरही तेवढंच.

६. कडेला समांतर जात, कोपऱ्यावर वळत, पहिल्या फेऱ्यापासून २ सेंमी आत दुसरा फेरा घाला. असेच आत आत जा. साधारण १८ फेऱ्यांत मध्य येतो. या सगळ्या फेऱ्यांची लांबी ३० मीटरच्या आसपास भरते. रोज दुपारी एक-दोन फेरे घातले तरी पंधरवड्यात गोधडी हातावेगळी होते.

७. शेवटी कच्चा दोरा ओढून काढा.

गोधडी शिवताना नवशिक्याचा हात एकाच ठिकाणी चुकतो. टाका ओढून घट्ट केला जातो आणि कापड चुणतं. दर वीतभर शिवलं की कापड जमिनीवर ठेवून तळहाताने दोऱ्याच्या दिशेने निपटा, साठलेली चुणी लगेच मोकळी होते. कोपऱ्यावर सुई नेमकी वळणाच्या बिंदूवर वर काढा, म्हणजे चौकोन गोल होत नाही. बाळाच्या गोधडीला टिकल्या, मणी, बटणं लावू नका. ती अंथरायला वापरा, झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या तोंडावर पांघरूण येऊ देऊ नका.

या साध्या धावदोऱ्यावर बंगालची कांथा उभी आहे, बिहारची सुजनी उभी आहे, जपानातलं साशिकोही याच टाक्याचं. जुनं कापड थरावर थर ठेवून टिकवायचं, ही गरज सगळीकडच्या घरांची होती. आपल्या गोधडीत त्यांच्या तोडीचं कसब आहे, आणि ते शिकायला आजी नाहीतर मावशी शेजारच्याच घरात बसलेली असते.

३. घडीचा आकाशकंदील

कामट्यांचा कंदील पहिल्याच वर्षी जमत नाही. हा एका कार्डशीटचा कंदील दहा वर्षांचं पोरही करू शकतं.

सामान : ५० × ३६ सेंमीची रंगीत कार्डशीट, ५० × ३० सेंमीचा पिवळा पतंगी कागद, कार्डशीटच्या ३ सेंमी रुंद दोन पट्ट्या, शेपट्यांसाठी रंगीत कागद, सुतळी किंवा जाड दोरा, खळ.

खळ घरीच करा. दोन चमचे मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवा, त्यात आणखी एक वाटी पाणी घाला आणि मंद आचेवर हलवत शिजवा. पांढरेपणा जाऊन ती चकचकीत, अर्धपारदर्शक दिसली की उतरवा. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण मोरचूद विषारी असतं. मुलं काम करणार असतील तर घालू नका, लागेल तेवढीच ताजी खळ करा.

कृती :

१. कार्डशीट अशी दुमडा की तिच्या ५० सेंमीच्या दोन्ही कडा एकमेकींवर येतील. घडी ५० × १८ सेंमीची होईल.

२. घडीच्या बाजूने, दर २ सेंमीवर, १४ सेंमी लांबीच्या सरळ रेघा आखा. समोरच्या मोकळ्या कडेला ४ सेंमी कोरा पट्टा राहिला पाहिजे. या रेघांवर घडीकडून कापत जा आणि पट्ट्याशी थांबा.

३. पतंगी कागदाच्या वरच्या आणि खालच्या कडेला कार्डशीटच्या ३ सेंमीच्या पट्ट्या चिकटवा. नुसता पतंगी कागद वजन धरत नाही. वाळल्यावर गुंडाळून ३ सेंमी एकमेकांवर घेत नळी चिकटवा.

४. कापलेली कार्डशीट उलगडून या नळीभोवती गुंडाळा. तिचा जोड २ सेंमीच ठेवा, म्हणजे ती नळीवर बसते. आधी वरची कड नळीच्या वरच्या कडेला चिकटवा आणि पूर्ण वाळू द्या.

५. मग खालची कड वर सरकवून नळीच्या खालच्या कडेशी मिळवा आणि चिकटवा. बाहेरची शीट ३६ सेंमी आणि आतली नळी ३० सेंमी, या ६ सेंमींच्या फरकामुळे कापलेल्या पट्ट्या बाहेर फुगतात आणि मधून पिवळा कागद दिसतो. कंदिलाचं सारं रूप या फरकात आहे.

६. खाली ४० सेंमी लांब, २ सेंमी रुंद शेपट्या आतल्या बाजूने चिकटवा. वर समोरासमोर चार भोकं पाडून दोरा बांधा.

आत फक्त कमी वॅटचा एलईडी दिवा लावा. नळीचा व्यास १५ सेंमीच आहे, त्यामुळे तापणारा जुना बल्ब किंवा मेणबत्ती त्यात कधीही ठेवू नका. दिवा मधोमध, स्वतःच्या वायरवर लटकू द्या, त्याचा भार कागदावर नको.

पुढची पायरी

या वस्तू विकायचा विचार असेल तर आधी हिशेब मांडा. सामानाची किंमत आणि लागलेल्या तासांची मजुरी, दोन्ही धरूनच भाव सांगा. गोधडीत कापड जुनं असल्यामुळे खर्च जवळजवळ नसतो, तिची खरी किंमत टाक्यांच्या तासांची असते, आणि बायका हेच तास हिशेबात धरत नाहीत. बचत गटांच्या वस्तूंसाठी ‘उमेद’ अभियानातून महालक्ष्मी सरससारखी प्रदर्शनं भरतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे, तिथे वस्त्रशास्त्र शिकवलं जातं. गटाने मिळून चौकशी केली तर कापड, रंग आणि शिवणीबद्दल विचारायला हे जवळचं ठिकाण आहे.

सुरुवात मात्र विक्रीने नको, घरापासून करा. या पोळ्याला निदान एका बैलजोडीचे गोंडे घरी वळा, आणि ते वळताना पोरांना शेजारी बसवून पुठ्ठा त्यांच्या हातात द्या. हातकाम एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जातं. मधली एक पिढी शिकायची राहिली, तर तिच्या मागच्यांना शिकवायला कोणी उरत नाही.